फितूरकाकांचा दरवाजा

आपल्या पूर्वजाने सोन्याच्या थैलीसाठी अख्खा किल्ला शत्रूच्या घशात घातला, ही गोष्ट माणसं चारचौघांत सांगत नाहीत. सांगितलीच तर आवाज खाली आणून, इकडेतिकडे बघून सांगतात. फितूरकाका मात्र ती दिवसातून तीन-चार वेळा, तिकीट काढून आलेल्या लोकांसमोर, छाती पुढे काढून सांगायचे. आणि तेही अभिनयासकट.

किल्ला गावामागच्या टेकडीवर होता. होता म्हणजे काय, दीड बुरुज, कुठे गुडघाभर तर कुठे पुरुषभर उरलेली तटबंदी, छप्पर नसलेलं एक लांबट दालन आणि महादरवाजाची कमान, एवढाच उरला होता. कमानीखाली शेकडो वर्षांपूर्वी कोसळलेल्या दगडमातीचा ढिगारा होता. डावीकडे तो उतरता होता, उजवीकडे मात्र छातीच्याही वर गेलेला. त्या ढिगाऱ्यावर काका चढून उभे राहायचे. अंगात काकूंनी जुन्या पडद्याचा शिवलेला काळा झगा, कमरेला गंजक्या किल्ल्यांचा जुडगा, आणि भर दुपारी हातात कंदील.

"ऐका!" काका कुजबुजायचे, आणि त्यांची ती कुजबुज पार खाली तिकीटखिडकीपर्यंत पोचायची. "बाहेर वेढा पडलाय. आत धान्य आहे, पाणी आहे, हिंमत आहे. किल्ला पडायचा नाही! पण या देवडीत एक माणूस जागा आहे. दारवान. आणि त्याच्या खिशात काय आहे?" मग ते थैली खुळखुळवायचे. "सोनं! आता बघा, बघा त्याचा हात कुठे जातोय!"

हात भिंतीतल्या भोकाकडे जायचा. कमानीच्या डाव्या भिंतीत एक चौकोनी, खोल भोक होतं. दारामागे आडवा घालायचा जो जाडजूड लाकडी अडसर, त्याचं हे घर. दार उघडायचं असलं की अडसर या भोकात मागे ढकलायचा, लावायचा असला की बाहेर ओढून समोरच्या भिंतीतल्या खोबणीत टेकवायचा. समोरची खोबण ढिगाऱ्यात गाडलेली होती, पण हे भोक उघडं होतं आणि काकांचा सगळा खेळ त्यावरच चालायचा. "घाला हात! घाबरू नका. फितूर चावत नाही, फक्त विकतो!" लोक खांद्यापर्यंत हात घालायचे, बायका किंचाळायच्या, पोरं "फितूर! फितूर!" ओरडत कागदाचे बोळे फेकायची आणि काका डोक्यावरची टोपी काढून सगळ्यांना वाकून नमस्कार करायचे.

कारण तो दारवान त्यांच्याच घराण्यातला होता. निदान गाव तसं पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलं होतं. घराण्याचं खरं आडनाव आता फक्त टपालवाल्याला ठाऊक होतं, बाकी सगळ्यांना ते फितूरच. काकांच्या वडिलांनी हे नाव मान खाली घालून सोसलं. काकांनी त्याचाच धंदा केला, आणि धंदा म्हणता म्हणता त्यांचा त्यावर जीव जडला.

त्यांचा बालमित्र बेकरीवाला. टेकडीच्या पायथ्याशी त्याची बेकरी, आणि बेकरीवर भलामोठा फलक: "किल्ल्याच्या चोरदरवाजाचे मानकरी." किल्ल्याच्या मागच्या अंगाला जो चिंचोळा चोरदरवाजा होता, तो म्हणे त्याच्या पूर्वजांच्या ताब्यात असे. तिथून ते आत पीठ आणि पाव पोचवायचे. रोज सकाळी पाव देताना बेकरीवाला विचारायचा, "काय रे फितुरा, आज कोणाला विकलंस?" आणि काका म्हणायचे, "तुलाच विकणार होतो, पण गिऱ्हाईक मिळेना." चाळीसेक वर्षं हा विनोद चालला होता आणि दोघंही दरवेळी नव्याने हसायचे.

तर अशा या काकांची एकुलती एक लेक जुन्या वास्तूंचं खोदकाम करणाऱ्या तुकडीत कामाला लागली होती, आणि त्या वर्षी तुकडी नेमकी यांच्याच किल्ल्यावर आली. महादरवाजातला ढिगारा उपसायचं काम लेकीकडे होतं. काकांना आकाश ठेंगणं झालं.

"आता सापडणार!" ते घरात येरझारा घालत म्हणाले. काकू शिवणयंत्रावर कोणाच्यातरी खिडकीचे पडदे शिवत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. "अडसर सापडणार बघ! दार उघडताना मागे सारलेला. भोकाच्या तोंडाशी ढिगाऱ्यात जळकं लाकूड असणार, लिहून घे! आख्ख्या जगात असा फितुरीचा पुरावा कुठे नसेल!"

"हो, सोहळाच की आपल्या घरचा," काकू म्हणाल्या आणि दोरा तोडला.

काकांनी कोणाला न विचारता रविवारचा खास खेळ जाहीरही करून टाकला. 'फितुरीचा पुरावा, प्रथमच सर्वांसमोर!' असे कागद दुकानादुकानांत चिकटवले. बेकरीवाल्याने आपल्या काचेवर दोन लावले.

लेकीला हे कळलं तेव्हा ती रागावली नाही. ती फक्त म्हणाली, "बाबा, एक नियम आहे. आपल्या घरातल्या कोणीही दाराला हात लावायचा नाही. तुम्ही नाही, आई नाही आणि मीसुद्धा नाही. खुरपी आमच्या तुकडीतल्या नकाशेवाल्याच्या हातात राहील."

"अगं पण तू तर या कामाची प्रमुख!"

"म्हणूनच. उद्या काही निघालं तर लोक म्हणतील, फितुराच्या पोरीने हवं ते काढलं. त्यालाही मी सांगितलेलं नाही की मी काय शोधतेय. तो दिसेल ते काढेल आणि दिसेल ते मांडेल."

"आपल्याला हवं तेच तर निघणार आहे!" काका म्हणाले.

लेक काहीच बोलली नाही. काकांनी तेव्हाच कान टवकारायला हवे होते, पण स्वतःचं बोलणं संपल्यावर दुसऱ्याचं न बोलणं ऐकायची त्यांना सवय नव्हती.

नकाशेवाला हा लांब मानेचा, हळूबाई माणूस. प्रत्येक दगड उचलायच्या आधी त्याचं चित्र काढायचा, फोटो घ्यायचा, चिठ्ठी लावायचा, मग पुन्हा चित्र. काका दोरीच्या कुंपणाबाहेर उभे राहून तळमळायचे. "अहो, त्या दगडाचं काय लग्न ठरवायचंय का? किती फोटो!" नकाशेवाला हसून पुढच्या दगडाकडे वळायचा. लेक खड्ड्याच्या काठावर हात पाठीमागे बांधून बसायची. तिची बोटं एकमेकांत इतकी घट्ट रुतलेली असत की पांढरी पडत, पण ती जागची हलत नसे.

शनिवारी दुपारी उंबरा लागला.

"लोखंड आहे," नकाशेवाला खालून म्हणाला. "पट्टी. दाराची असावी. खिळे ओळीत आहेत."

"दाराच्या दोन्ही फळ्यांचे?" लेकीने विचारलं.

"थांबा." कुंचल्याचा खसखस आवाज. "हो. डाव्या फळीच्या पट्ट्या इथे, उजवीच्या इथे. मधे फक्त बोटभर फट. आणि त्यांच्यावर काळं आहे."

काका दोरीवर इतके वाकले की दोरी करकरली. "काळं म्हणजे? लाकूड? डावीकडे आहे ना? भोकाच्या तोंडाशी?"

"बाबा, बोलू नका," लेक म्हणाली.

"डावीकडून सुरू होतंय," नकाशेवाला म्हणाला. काकांनी हवेत मूठ हाणली. "वीतभर रुंद. जळून कोळसा झालाय, पण सरळ आहे. आणि पुढे जातंय."

"पुढे म्हणजे कुठे?"

"उजवीकडे."

नकाशेवाला गुडघ्यांवर सरकत गेला. कोळशाचा तो काळा पट्टा मातीतून उघडा पडत गेला, या फळीवरून त्या फळीवर, लोखंडी पट्ट्यांना आडवा छेदत, कुठेही न तुटता. खड्ड्याभोवती तुकडीतली सगळी माणसं आपापली कामं टाकून जमा झाली. नकाशेवाला उजव्या भिंतीपाशी पोचला, तिथली माती त्याने हाताने ओढली, आणि ओढता ओढता तो थांबला.

"इथे खोबण आहे," तो म्हणाला. "आणि खोबणीत काहीतरी आहे. लाकडाचं टोक. वरून जळलंय, पण आतून शाबूत! टोकाला लोखंडी टोपण आहे. अहो, हा अडसर आहे! लावलेला अडसर!"

लेक उभी राहिली. तिने दोन्ही हात तोंडावर ठेवले, मग ते काढले, मग ती मोठ्याने, अगदी लहानपणी ओरडायची तशी ओरडली, "बंद होतं! बाबा, दार बंद होतं!" तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. आजूबाजूची माणसं टाळ्या वाजवायला लागली. कोणीतरी नकाशेवाल्याला खड्ड्यातून खेचून काढलं आणि त्याच्या पाठीवर इतके धपाटे घातले की त्याचा चष्मा खाली पडला.

एकटे काका टाळ्या वाजवत नव्हते.

"नंतर कोणीतरी लावला असेल," ते म्हणाले.

"बाबा, दार बंद असतानाच जळलंय. जळत असतानाच वरचा माळा कोसळला, त्याखाली आग गुदमरली, म्हणून इतकं तरी उरलं. त्यानंतर आज पहिल्यांदा इथे माणसाचा हात लागलाय."

"मग भोकात बघा! तिथे दुसरा अडसर असेल! अशा दरवाजाला एकच अडसर कसा असेल?"

लेकीने वाद घातला नाही. तिने लांब दांडीला आकडा बांधायला लावला आणि नकाशेवाल्याने तो डाव्या भोकात पार शेवटापर्यंत घातला. काका स्वतः पालथे पडून, विजेरी धरून आत बघत राहिले. आकड्याला लागून बाहेर काय काय आलं! चॉकलेटचे कागद, एक हातमोजा, कोणाचीतरी केसांची पिन, फुटकं घड्याळ, तिकिटांचे लगदे, काकांनी लोकांना हात घालायला लावल्याची सगळी वर्षं. कोळशाचा मात्र कणही आला नाही. भोकाच्या भिंती काळवंडलेल्याही नव्हत्या.

काका उठले, झगा झटकला आणि कोणाशी एक शब्द न बोलता टेकडी उतरले. तळपायाची आग मस्तकात गेली होती. राग अडसरावर नव्हता, नकाशेवाल्यावर नव्हता. राग होता तो लेक एवढी हसली त्याचा.

संध्याकाळी स्वयंपाकघरात तो बाहेर पडलाच. काकू सूप वाढत होत्या. लेकीच्या नखांत अजून माती होती.

"एवढा आनंद?" काका म्हणाले. "बापाच्या पोटावर पाय आला, आणि पोरगी नाचतेय! उद्या दुनिया येणार आहे फितूर बघायला. कागद लावलेत मी गावभर!"

"बाबा, तो फितूर नव्हता. आपल्या माणसाने दार उघडलं नाही. तुम्हाला जरासुद्धा बरं वाटत नाही?"

"मला काय वाटायचं! थट्टा होती ती. कोणी मनावर घेतलं होतं का कधी?"

लेकीने चमचा खाली ठेवला. "शाळेत वर्गाच्या कपाटाची किल्ली आळीपाळीने सगळ्यांकडे असायची. एकेका मुलाकडे आठवडाभर. माझी पाळी आली की मुलं ओरडायची, फितुराच्या पोरीला किल्ली नको. आणि बाई हसून ती पुढच्या मुलीला द्यायच्या. दरवर्षी."

"पोरं काहीतरी बोलणारच."

"मी घरी येऊन तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही पोट धरून हसलात. आणि दुसऱ्या दिवशी ते गोष्टीत घातलंत, बाबा. 'आमच्या पोरीला तर शाळेत कपाटाची किल्लीसुद्धा देत नाहीत!' लोक खूप हसले. मी मागेच उभी होते."

ते वाक्य काकांच्या चांगलंच लक्षात होतं. अजूनही ते कधीमधी वापरायचे, आणि त्यावर हमखास हशा व्हायचा. तो विनोद आपल्याला कुठून सापडला, हे मात्र ते साफ विसरून गेले होते. आत्ता, सूप निवत असताना, ते त्यांना आठवलं.

"मी खोदकामाकडे का गेले असं वाटतं तुम्हाला?" लेक म्हणाली. पण तिचा आवाज आता मऊ झाला होता. तिने बापाच्या हातावर हात ठेवला.

मग काकांनी विचारलं, "मग उद्या मी काय सांगू?"

"ते मला नाही माहीत. ते तुमचं काम."

"लोकांना फितूर लागतो गं. फितूर नसला तर गोष्ट कसली?" काका म्हणाले. ते खरंच घाबरले होते. इतक्या वर्षांत त्यांच्याकडे सांगायला काही नाही अशी एक सकाळ उजाडली नव्हती, आणि उद्या ती उजाडणार होती.

सकाळी ते पाव आणायला बेकरीत गेले तर बेकरीवर फलक नव्हता. भिंतीवर फलकाएवढा स्वच्छ चौकोन होता आणि दोन उघडे खिळे. बेकरीवाला आत पिठाच्या पोत्यांआड उभा होता. त्याने न मागता दोन पाव जास्त घातले आणि पुडी बांधता बांधता, इकडेतिकडे बघून, अगदी आवाज खाली आणून विचारलं, "काल ऐकलं मी. दार बंद होतं म्हणे."

"होतं."

"मग शत्रू आत आला कुठून?"

"कोण जाणे."

"तू मला 'कोण जाणे' म्हणतोस?" बेकरीवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. "तुला तर शत्रूच्या घोड्याचा रंगसुद्धा ठाऊक होता! हे बघ फितुरा... म्हणजे काका... आपण लहानपणापासूनचे मित्र ना? चोरदरवाजा म्हणजे काय, एक भोक रे नुसतं. माणूस मावत नाही त्यातून!"

"माझ्या लग्नात भाषण करताना तू म्हणाला होतास, घोडा मावायचा म्हणून."

"बोलायची पद्धत असते एक!" बेकरीवाला कळवळला.

काका पाव घेऊन निघाले आणि टेकडी चढता चढता त्यांचे पाय आपोआप भरभर पडायला लागले. काल विझलेलं सगळं डोक्यात भडकून पेटलं. चोरदरवाजा! पीठ! पिठाची पोती! पोत्यात माणूस! पांढऱ्याफटक चेहऱ्याचा, दातांत सुरी धरलेला! आणि त्याला पाठीवर घेऊन आत आणणारा, हसतमुख, सगळ्यांचा लाडका पाववाला! अरे, काय गोष्ट होती! जुन्या गोष्टीच्या दसपट! कुजबुज कुठे करायची, पोतं कुठे टेकवायचं, पीठ कुठे उधळायचं, सगळं काकांना चढावरच दिसलं. त्यांचे हात शिवशिवत होते. ते एकटेच मोठ्याने हसले.

वर तोबा गर्दी होती. गाव तर होतंच, पण बाहेरचीही माणसं लोटली होती, कमानीपासून थेट दालनाच्या भिंतीपर्यंत. बेकरीवाला आला होता. यायचं नव्हतं, पण न येता घरी बसला असता तर लोकांनी तेवढंच धरलं असतं. त्याच्या खांद्यावर नात बसली होती, दोन शेंड्या बांधलेली, हातात पावाचा तुकडा. पुढच्या महिन्यात ती शाळेत जाणार होती आणि ही बातमी ती दिसेल त्याला सांगत होती.

काका खड्ड्याच्या काठावर उभे राहिले. झगा घातला होता, थैली मात्र घरी राहिली होती. खाली कोळशाचा पट्टा ऊन पडून चकाकत होता.

"ऐका!" ते म्हणाले. आज कुजबुजले नाहीत. "मी इतकी वर्षं तुम्हाला सांगितलं की हे दार आतून उघडलं. ते खोटं निघालं. हा बघा अडसर! या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत! दार बंद होतं, बंदच राहिलं आणि बंदच जळालं!"

गर्दीत एक लाट उठली. माणसं पुढे रेटली, माना लांबल्या. "कुठे? कुठे?" "ते काळं!" "अरे, खरंच की!" लेक आणि नकाशेवाला दोरीपाशी हात पसरून लोकांना मागे सारत होते आणि सारता सारता सांगतही होते, बोटं दाखवत होते. काकांना आपलाच आवाज नवा वाटला. टाळ्या पडल्या. पण टाळ्या ओसरल्यावर जे होणार म्हणून त्यांना ठाऊक होतं तेच झालं.

"मग फितूर कोण?" मागून कोणीतरी ओरडलं.

"हो ना! किल्ला पडला तो कसा?"

"दुसरा दरवाजा होता की! चोरदरवाजा!" हा शिंपी होता, अर्ध्या गावाचे कपडे आणि सगळ्या गावाच्या गोष्टी याच्या दुकानात. "तो कोणाकडे होता रे?"

मग एक मान वळली, दुसरी वळली, आणि बघता बघता अख्खी गर्दी बेकरीवाल्याकडे वळली. कोणीतरी खुदकन हसलं. "म्हणून फलक उतरवला वाटतं!" आता बरेच जण हसले. बेकरीवाला हसायचा प्रयत्न करत होता आणि त्याची पाचावर धारण बसली होती. पोरांनी कागदाचे बोळे आणलेच होते. एक उडाला आणि त्याच्या छातीवर आपटला.

"सांगा काका!" शिंपी ओरडला. "सांगा की! तुम्हाला ठाऊक असणारच!"

सगळे परत काकांकडे वळले. सगळ्यांचे डोळे चमकत होते. इतकी भुकेली, इतकी आपली गर्दी काकांना जन्मात मिळाली नव्हती. गोष्ट जिभेच्या टोकावर होती, पूर्ण, पोत्यासकट, पिठासकट. फक्त तोंड उघडायचं बाकी होतं. काकांनी तोंड उघडलंही.

पण त्यांची नजर त्या नातीवर गेली. लोक आपल्याकडे बघतायत म्हणून ती खूश होऊन हात हलवत होती. आजोबांच्या छातीवर बोळा आपटला तेव्हा ती सगळ्यांबरोबर हसली होती. काकांच्या डोळ्यांसमोर कुठलीशी शाळा, कपाट आणि हात पुढे करून उभी राहिलेली एक मुलगी लख्ख आली.

"माहीत नाही," काका म्हणाले.

"काय?"

"माहीत नाही!" ते ओरडले. "किल्ला कसा पडला, मला माहीत नाही! आत कोण आलं, कुठून आलं, आलं की नाही, आतल्यांनीच आग लावली की वीज पडली, मला माहीत नाही! त्या बिचाऱ्याला काय बघताय? त्याच्याविरुद्ध माझ्याकडे पुरावा शून्य! असाच शून्य पुरावा माझ्या माणसाविरुद्ध होता आणि तरी आपण सगळ्यांनी मिळून त्याला आजवर बोळे मारले. आता दुसरा माणूस देणार नाही मी तुम्हाला. ज्याला बोळा मारायचाय त्याने मला मारा!"

बोळा कोणी मारला नाही. शिंप्याने उगीच खिशातली फूटपट्टी काढली आणि परत ठेवली. बेकरीवाला तोंड फिरवून नातीचे बूट सारखे करत राहिला, बराच वेळ. काकांना अंगावरून काहीतरी जडशीळ उतरल्यासारखं वाटत होतं आणि त्याच वेळी आता आपल्याकडे काहीच उरलं नाही असंही वाटत होतं.

मग नातीने विचारलं, खांद्यावरूनच, मोठ्याने. "मग त्या दार लावणाऱ्याचं नाव काय होतं?"

त्या माणसाच्या खिशातलं सोनं काकांना ठाऊक होतं, त्याची चाल, त्याची कुजबुज, त्याच्या नाकावरचा तीळ, सगळं त्यांनी स्वतः तयार केलं होतं. इतकी वर्षं त्याचा झगा अंगावर वागवला होता. आणि तो जळत्या दारामागे इथेच, या उंबऱ्याशी उभा राहिला तेव्हा त्याला कोणत्या नावाने हाक मारत होते, हे विचारावं असं त्यांच्या एकदाही मनात आलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले, सगळ्यांदेखत, आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत.

"माहीत नाही, बाळा," ते म्हणाले. मग लेकीकडे वळले. "पोरी, त्याचं नाव सापडेल का गं?"

लेक त्यांच्याकडे बघत होती. तिने असं कौतुकाने त्यांच्याकडे शेवटचं कधी पाहिलं होतं, हे त्यांना आठवेना. "सांगता येत नाही, बाबा. उंबऱ्याच्या आतल्या बाजूला अजून हात लावलेला नाही. दारवानाची देवडी पूर्ण तशीच आहे. खणावं लागेल."

"मग खणा की!" फितूरकाका गरजले. "बघत काय बसलात?"